बहिरी काठी

मी आजवर मासा चाखलेला नाही. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहतो. तरीही जळगावात स्टेशनच्या रस्त्याला मी तीस-पस्तीस वर्षं मासे धरायच्या काठ्या, रिळं, गळ आणि दोऱ्या विकल्या आणि त्यावर दोन मुलींची लग्नं केली. संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी मोरीकडे बोट दाखवायची. माझ्या हाताला मासा कधी लागलेला नसायचा, पण धंद्याचा वास लागतो असं तिचं म्हणणं. मी निमूटपणे अंघोळ करायचो, मग चहा मिळायचा.

धंदा मुळात दोरीचा. आजोबा मारवाडातून आले आणि सुतळी, चऱ्हाटं, विहिरीचे नाडे विकत इथलेच झाले. मी शाळेत जायच्या आधी दोरी वावेने मोजायला शिकलो. वाव म्हणजे दोन्ही हात फैलावले की या बोटापासून त्या बोटापर्यंत होईल तेवढी लांबी. पुढे गावोगाव पंप आले, पाइप आले, ठिबक आलं आणि आमचे नाडे खुंटीवर लोंबत राहिले. जाळी विणणारे लोक तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी चिवट धागा, मागायचे, म्हणून ते ठेवलं. तंगुसामागून गळ आले. गळांमागून मुंबईचा एक विक्रेता आला आणि चार काठ्या ठेवून गेला. "शेठ, धरणं झाली, आता लोकांना रविवार घालवायला काहीतरी लागेलच," तो म्हणाला. माणूस द्रष्टा निघाला.

काठी मजबूत की तकलादू हे गिऱ्हाइकाला दाखवायची माझी स्वतःची रीत होती. आमच्या शेजारी डाळीचा व्यापारी. त्याच्याकडून मी पाच किलो तुरीच्या डाळीची पिशवी आणून ठेवली होती. काठीच्या टोकाला दोरी, दोरीला पिशवी, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मी ती काउंटरवरून वर उचलायचो. ज्या काठीचं टोक कमी वाकेल ती काठी चांगली. लोक "वा शेठ!" म्हणायचे आणि पैसे काढायचे. मेहरूणच्या तलावावर बोटभर मासे धरायला निघालेल्या पाइप कारखान्यातल्या इंजिनिअर पोरांना मी अशा काठ्या दिल्यात, की त्यांनी समुद्रातला राक्षस ओढला असता. रावेरकडच्या एका केळीवाल्या पाटलांनी माझी सगळ्यांत जाड दोरी पाहिली, दोन्ही हातांनी ओढून बघितली आणि अख्खी गुंडाळी नेली. मी म्हटलं, मोठे शौकीन दिसतात. नंतर कळलं, त्यांनी ती घडांना आधार द्यायला वापरली. पुढच्या वर्षी ते तीच दोरी मागायला परत आले, तेव्हा मला माझ्या मालाचा फार अभिमान वाटला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्याइतकं शब्दशः कुणाला लागू पडत नसेल. मी विकलेल्या एकाही काठीचं टोक मी पाण्यावर धरलेलं नव्हतं.

अशातच एका हिवाळ्यात चाळीसगावच्या सुनंदाताई दुकानात आल्या. शाळेत शिक्षिका, बोलणं नीटनेटकं. एका हाताने त्यांनी आपल्या वडिलांचा हात धरला होता. वडील उंच, ताठ, पण पाऊल टाकताना आधी चपलेने जमीन चाचपत. मी स्टूल पुढे केलं. त्यांनी स्टुलाच्या कडेवरून हात फिरवला आणि मग बसले.

"हे आमचे आबा," सुनंदाताई म्हणाल्या. "एसटीत ड्रायव्हर होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. यांना बोटीत बसून तळाचे मासे धरायची काठी हवी आहे."

आबा म्हणाले, "शेठ, पानीवर बूच तरंगस, ते आते माले दिखत नही. पन तळना मासा बोटले समजस. त्याले डोया लागत नहीत."

ते बरोबर बोलत होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. काठावर बसून गळ टाकणारा माणूस पाण्यावरच्या बुचाकडे बघत असतो. बूच बुडालं की ओढायचं. तळाच्या मासेमारीत बूच नसतं. होडी धरणाच्या मध्यावर न्यायची, दोरीच्या टोकाला शिशाचं वजन लावून ते सरळ खाली सोडायचं, तळाला टेकलं की दोरी जरा ताणून धरायची आणि गप्प बसायचं. खाली काय घडतं ते सगळं दोरीतून, काठीतून तुमच्या हातात येतं. बघायला काही नसतंच.

आबा काठ्या चाचपत होते तेव्हा सुनंदाताईंनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, नजर गेल्यापासून वर्ष झालं. हे भिंतीकडे तोंड करून बसतात. वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर विचारत नाहीत. रेडिओ लावला तर लावला, बंद केला तर केला. वर्षभरात माझ्याकडे एक गोष्ट मागितली ती ही. आमचं जुनं गाव गिरणेच्या धरणाखाली गेलं, तेव्हा आबा शाळेत होते. त्यांना तिथेच जाऊन गळ सोडायचाय. चांगली काठी द्या. हे फसलं तर ते पुन्हा काही मागायचे नाहीत."

मी म्हटलं, ताई, निश्चिंत राहा. आणि दुकानातली सगळ्यांत भारी काठी काढली. बांबूसारखी ताठ, मनगटासारखी जाड. तिच्यावर मोठं रीळ चढवलं, रिळावर जाड तंगूस. डाळीची पिशवी उचलून दाखवायला गेलो, आणि लक्षात आलं की आबांना ती दिसणार नाही. तेव्हा मी त्यांचा हात धरून काठीच्या टोकावर ठेवला. "बघा, वाकतच नाही!" आबांनी टोक एकदा दाबून पाहिलं आणि हात मागे घेतला. मला वाटलं, खूश झाले.

दहा-बारा दिवसांनी सुनंदाताई एकट्याच आल्या. काठी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पैसे परत मागायला आल्या असतील म्हणून मी गल्ल्याकडे हात नेला, तर त्या नको म्हणाल्या.

"दिवसभर होडीत बसले होते. उखाभाऊ होडीवाले बिचारे जागा बदलून बदलून थकले. मासे येत होते, गळावरचं आमिष खाऊन जात होते, पण यांना काही कळतच नव्हतं. शेवटी काठी खाली ठेवली आणि म्हणाले, 'हाई काठी बहिरी शे. खाले काय चालनं, माले काहीच सांगत नही. चाल घर.' तेव्हापासून पुन्हा भिंतीकडे तोंड. तुमची वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडो, म्हणून घेऊन आले."

त्या गेल्या. मी ती काठी हातात घेऊन बसलो. आंधळ्या माणसाला मी बहिरी काठी दिली होती, आणि तीही अभिमानाने. त्या दिवशी मला दुपारी दुकानात बसवेना. लाज वाटली, सरळ सांगतो. इतकी वर्षं लोक हसतमुखाने काठ्या घेऊन गेले, त्यांतल्या किती जणांनी होडीत बसून मला शिव्या दिल्या असतील, हे मनात येत राहिलं.

पुढच्या गुरुवारी, बाजार बंद असतो त्या दिवशी, मी नऊ काठ्या, चार रिळं आणि सहा तऱ्हेच्या दोऱ्या घेऊन गाडीत बसलो. चाळीसगावला उतरून पुढे धरणावर उखाभाऊंना गाठलं. पिढ्यानपिढ्या गिरणेवर होडी चालवणारं घर त्यांचं. मला होडीत चढवताना त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, कारण मी जवळजवळ पाण्यातच चढत होतो.

"शेठ, तुमी पयलांदाव उनात का पानीवर?"

"पहिल्यांदाच."

"नि काठ्या इकतस!" एवढंच म्हणून त्यांनी वल्हं मारलं. त्यांची हसून हसून मान हलत होती ती मला पाठमोरीही दिसली.

सकाळचं धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं. काठ दिसेनासा झाला. वर राखाडी, खाली राखाडी, आणि मध्ये आमची होडी कुठे टेकली आहे की नाही तेच कळेना. मी डोळे मिटून घेतले. शिसं खाली सोडलं. ते जाताना दोरी बोटावरून सरसरत राहिली, मग एकदम ढिली पडली. तळ लागला. मी ताठ काठी धरून बसलो आणि वाट पाहिली. काहीच नाही. झोपलेल्या माणसाचा हात धरावा तसं.

"तुमना चारा गया," थोड्या वेळाने उखाभाऊ म्हणाले. ओढून पाहिलं तर गळ स्वच्छ. कुणीतरी जेवून गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मग मी एकेक काठी बदलत गेलो आणि दुपारपर्यंत तीस वर्षांचा धंदा नव्याने शिकलो. होडीतून तळाला सोडायचं तर लांब फेकायचं नसतं, म्हणून काठी आखूडच हवी, पाच-सहा फुटांची. तिचं टोक मऊ पाहिजे, इतकं की खालच्या माशाने नुसतं तोंड लावलं तरी ते मान हलवेल. मात्र मधला भाग दणकट, कारण वर आणायचं काम तो करतो. मी डाळीच्या पिशवीने सगळ्या टोकांची परीक्षा घेतली होती, आणि जी टोकं वाकली ती नापास केली होती. नेमक्या त्याच काठ्या बोलक्या होत्या.

दोरीचंही तसंच. तंगूस रबरासारखं ताणलं जातं. खोल पाण्यात माशाचा धक्का ते वाटेतच गिळतं, तुमच्यापर्यंत येऊ देत नाही. बारीक धाग्यांची वेणी घातलेली दोरी मिळते, ती ताणली जात नाही. खाली खडा हलला तरी वर बोटाला कळतं. ती बोट कापते म्हणून बोटाभोवती गुंडाळायची नाही, नुसतं बोट खाली लावून ठेवायचं. आणि शिशाशी हातभर साधं तंगूस, मुद्दाम कच्चं. तळाशी बुडालेल्या बाभळीत शिसं अडकलं तर ते तंगूस तुटावं आणि होडी सुटावी. ही न तुटणाऱ्या दोरीची बढाई मारणाऱ्या माझ्यासारख्याला उखाभाऊंनी दिलेली चपराक. "शेठ, कुठे तरी कच्चं ठेवनं पडस," ते म्हणाले. शिसं जितकं हलकं ठेवता येईल तितकं हलकं. तळाला टेकेल एवढं, बस.

गांडूळ मात्र मला गळाला लावता आलं नाही. तिथे मी कणकेच्या गोळीवर आलो. मेल्यावर चित्रगुप्ताने विचारलं तर एवढं तरी सांगता येईल.

आबांसाठी मी सगळ्यांत बोलकी काठी निवडली. लहान रीळ घेतलं, दोरी बाहेर जाताना टिकटिक करणारं, म्हणजे मासा पळाला तर कानाला कळावं. आणि घरी बसून दोरी वावेने मोजली. दर वावेला रेशमाची बारीक गुंडाळी बांधली, पाचव्या वावेला जोडगुंडाळी. बोटाखालून किती गेल्या ते मोजलं की पाणी किती खोल ते कळतं. हे मला कुणी शिकवलं नाही. आजोबांच्या नाड्यांवर अशा खुणा असायच्या.

चाळीसगावला त्यांच्या घरी गेलो तेव्हा आबा खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझा आवाज ओळखला, पण वळले नाहीत.

"आबा, माझी चूक झाली. मी दुसरी काठी आणलीय."

"राहू द्या शेठ. आते कसाले?"

मी काठी त्यांच्या हातात दिली, दोरीवर त्यांचं बोट ठेवलं. शिसं घेऊन मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, ते जमिनीवर ठेवलं आणि सुनंदाताईंना खूण केली. त्यांनी रिळाची मूठ हळूहळू फिरवली. शिसं जमिनीवरून सरकायला लागलं.

आबांची भुवई जरा उचलली गेली.

"फरशी," ते म्हणाले.

शिसं सरकत राहिलं.

"हाई जोड शे फरशीना. परत फरशी... हाई काय? मऊ. गोधडी." त्यांनी मान तिरकी केली. कोपऱ्यात निवडायला ठेवलेलं गव्हाचं ताट मी मधेच सरकवलं. शिसं कडेवर चढलं, आत उतरलं. आबांच्या तोंडावर हसू आलं. "शेठ, लबाडी करू नका. ताटमा गहू शेतस."

सुनंदाताई पदराने तोंड दाबून स्वयंपाकघरात गेल्या. आबांनी तोपर्यंत भिंतीकडचं तोंड वळवून खोलीकडे केलं होतं. काठीच्या टोकावरून हात फिरवत म्हणाले, "हाई बोलस. उखाले निरोप धाडा."

आम्ही चौघं गेलो. मच्छीमार सोसायटीची पावती घेतली आणि सकाळच्या धुक्यातच होडी सोडली. आबांना पुढच्या फळीवर बसवलं. पाण्यावर आल्यावर त्यांचा आवाजच बदलला. प्रवाशांनी भरलेली गाडी घाटात घातल्यासारखे ते हुकूम सोडायला लागले.

"उखा, डोंगर कोनती बाजूले शे?"

"डावी बाजूले, आबा."

"त्याले पाठ दे. चाल. हयूहयू चाल."

शिसं खाली गेलं. आबांची बोटं गुंडाळ्या मोजत होती. चार वाव. साडेचार. टेकलं. त्यांनी काठी जरा उचलली, खाली ठेवली, उचलली, खाली ठेवली, आणि होडी वाऱ्याबरोबर सरकत राहिली.

"चिखोल," आबा म्हणाले. "हाई वावर व्हतं. चिखोल... चिखोल... रेती उनी. नाला शे हाऊ. आम्ही आठे पोहतूत." मग नुसतीच काठी वरखाली होत राहिली. धुक्यातून ऊन झिरपायला लागलं होतं. मला झोप येत होती की जाग, सांगता आलं नसतं. "थांब उखा. थांब. दगड." काठी उचलली, ठेवली. "परत दगड. वर शे. आजून वर. पायऱ्या शेत हाई."

"कसल्या पायऱ्या?" सुनंदाताईंनी विचारलं.

"मारोतीना पारन्या." त्यांचा चेहरा पाण्याकडे होता आणि डोळे मिटलेले. "आठून उजवी बाजूले वळनं. तिसरं घर आमनं."

खरंच तो पार होता की नुसते कुणी कधी टाकलेले दगड, ते त्या पाण्यालाच ठाऊक. मी उखाभाऊंकडे पाहिलं, तर ते वल्हं उचलून होडी उजवीकडे वळवत होते, अगदी गल्लीत वळवावी तशी जपून.

आबांनी माझा हात धरला. त्यांचा अंगठा जाड, स्टिअरिंग धरून घट्टे पडलेला. माझं बोट त्यांनी आपल्या बोटाशेजारी दोरीखाली लावलं. "शेठ, डोया मिटा. दखा."

मी डोळे मिटले. तळावरून काहीतरी खरखरत जात होतं, मग मऊ, मग पुन्हा खरखरीत. आबा सांगत होते. हा शिंप्याचा ओटा. ही विहिरीकडे जाणारी वाट. इथे त्यांच्या आईने त्यांना शाळेत नेताना थोबाडीत मारली होती, पाटी विसरले म्हणून. पाच वाव पाण्याखालची गल्ली माझ्या बोटाखालून जात होती आणि मी तिच्यातून चालत होतो. इतकी वर्षं मी दोऱ्या विकल्या, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मला भरून आलं. धुकं होतं म्हणून कुणाला दिसलं नसावं.

तेवढ्यात टोकाने दोनदा मान हलवली. आबांचं मनगट माझ्याआधी उचललं गेलं. रीळ टिकटिकत सुटलं. "हाऊ दगड नही," ते ओरडले आणि हसायलाच लागले. ओढाओढ चांगली दहा मिनिटं चालली. उखाभाऊंनी जाळी खाली घालून मासा वर घेतला. शिंगाळा होता. पाण्याबाहेर काढला की हा मासा कुरकुर करतो, ती मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. आबांनी कान पुढे केला. "आमना गल्लीना शेजारी शे. कुरकुर करसच," म्हणाले. त्यांनी त्याच्या अंगावरून एकदा हात फिरवला आणि उखाभाऊंना सांगितलं, "सोडी दे." उखाभाऊंनी क्षणभर माशाकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि सोडून दिला.

परत काठाला लागलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. उखाभाऊ होडी बांधत राहिले. सुनंदाताईंनी सतरंजी अंथरली. सवयीप्रमाणे त्यांनी आबांपुढे एक भाकरी ठेवली, वर पिठलं. ती संपली. दुसरी ठेवली, तीही संपली. मग आबांनी हात पुढे करून डबा चाचपला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पोरी, दोनच भाकरी आन्यात का तू?"

सुनंदाताईंच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मी माझा डबा उघडून घाईघाईने आबांपुढे सरकवला. बायकोने दिलेल्या पाचही पुऱ्या त्यांनी बटाट्याच्या भाजीशी चवीने खाल्ल्या, बोटं पुसली, आणि माझ्याकडे तोंड वळवून जरा रागानेच म्हणाले, "शेठ, लोनचं नही का?"